माझ्या नावावरची चाल

तरुणपणी माझ्या नावावर एकच गोष्ट होती, आणि तीही हातात धरता येत नव्हती. शेत सासऱ्यांचं, घर सासऱ्यांचं, अंगावरचे दागिने दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या साक्षीनं घातलेले. माझी म्हणून होती ती क्लॅरोनेटवर वाजणारी एक चाल. तिला शब्द नव्हते. सुरुवातीला संथ, मध्येच एक गिरकी, आणि मग जिथून निघाली तिथंच हळूच परत. ती माझी कशी झाली आणि तिनं मला माहेर कसं मिळवून दिलं, ते सांगते. माझी सून म्हणते, आत्या सांगताना तिखटमीठ लावतात. लावते. अळणी मला आवडत नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. औरंगाबादेत शहागंजाच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि शहागंजात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दोरखंडांचं दुकान. समोरच्या घरात बँडवाले चाचा राहायचे. लाल कोट, पितळेची बटणं, पांढरी दाढी. शहरात त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती, चाल आणि उशीर. जिव्हाळ्याच्या घरचं लग्न असलं की त्याच्या वरातीसाठी ते नवी कोरी चाल बांधायचे, आणि चाल मनासारखी होईपर्यंत वरात थांबली तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मी तर त्यांच्या उंबऱ्यावर खेळून वाढलेली. माझ्या लग्नाला चाल बांधणार म्हणून त्यांनी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं.

माझं सासर कन्नडचं. जमीनदार घर, आणि सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, मानाला जपणारे. वऱ्हाड सर्व्हिस मोटारीनं येणार होतं. मोटार शहराच्या दरवाजाबाहेर थांबायची. तिथं बँड उभा राहणार, व्याह्यांना कुंकू लावणार आणि वाजतगाजत जानवशाला आणणार, असं ठरलेलं. इकडे अंगाला हळद लावून मी पाटावर बसले होते आणि समोरच्या माळवदावरून मला क्लॅरोनेट ऐकू येत होती. तीच गिरकी पुन्हा पुन्हा. जमेना, की पहिल्यापासून. माझ्या मनात आलं, चाचा जर माळवदावर आहेत तर दरवाजापाशी कोण आहे? पण हळदीच्या नवरीनं रस्त्यावर ओरडू नये असं मला सकाळपासून सगळ्यांनी बजावलं होतं. एरवी मी कुणाचं ऐकलं नसतं. नेमकं त्याच दिवशी ऐकलं.

मामंजी नवा फेटा बांधून दरवाजाबाहेरच्या धुळीत उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. बँडची माणसं वाद्यं घेऊन तिथंच होती, पण चाचांनी सूर दिल्याशिवाय कुणी वाजवेना. पेरूवाल्यांनी त्यांना पेरू घेता का म्हणून विचारलं. शेवटी ते आपल्या पायांनी, काहीही न वाजता, जानवशापर्यंत चालत आले.

लग्नात ते एक शब्द बोलले नाहीत. जेवले, पानसुपारी घेतली. वरातीला मात्र चाचांनी ती चाल काढली आणि रस्त्यावरची माणसं दुकानं सोडून बाहेर आली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं सासरी जाण्याचं नव्हतं. ती गिरकी शेवटी जमली होती. निघताना मामंजी अण्णांना म्हणाले, "चाल लई चांगली हाय, व्याही. पर आमाला तुमच्या गावात मुकं आणलं. आता ह्या गावात आमचा पाय नाय, अन् आमच्या घरातल्या कुणाचाबी नाय."

अण्णांना वाटलं, रागाचं बोलणं आहे, निवळेल. माझ्याही ध्यानात यायला वेळ लागला की त्यांच्या घरातलं कुणी म्हणजे त्या घटकेपासून मीही.

दोन दिवाळ्या गेल्या. दोन्ही वेळा अण्णा न्यायला आले. त्यांना पाटावर बसवून पुरणपोळी वाढली, वर तूप वाढलं, आणि तसंच परत पाठवलं. छळ म्हणाल तर काडीचा नव्हता. सासूबाई प्रेमळ, खाण्यापिण्याला ददात नाही. आमचे हे तर गाय. वडिलांसमोर त्यांचा आवाज घशातच राही. पण माहेर बंद झालेल्या बाईला कसं वाटतं ते पुरणपोळीनं भरून निघत नाही. विहिरीला नवा दोर आणला की मी कुणी बघत नाहीसं पाहून त्याला नाक लावत असे. काथ्याच्या वासात अण्णांचं दुकान असायचं. मग पाणी शेंदायला उशीर होई आणि सासूबाई विचारत, "दोर तुटला का काय?"

तिसऱ्या वर्षी माझा धाकटा भाऊ कॉलेजात होता आणि गल्लीतल्या पोरांना जमवून त्यानं हुतुतूचं मंडळ काढलं होतं. गावोगावचे संघ बोलावून दिवाळीच्या आधी सामने भरवायचे, असं त्यांच्या डोक्यात आलं. खेळाडू सगळे हौशी. दिवसा दुकान सांभाळायचं, संध्याकाळी मातीत लोळायचं. सामन्याला वाजंत्री हवीच. नुसत्या हुतुतूला आमच्याकडे कोण येणार? चार माणसं जमवायची तरी तेव्हा कोतवालीतून परवाना लागायचा. तो मिळाला, पण एक अट घालून. बँड वाजवा, मात्र ज्याला शब्द आहेत असं काही वाजवायचं नाही. शब्द आले की अर्थ येतो, आणि अर्थ आला की कुणाला ना कुणाला तो लागतो, असं कोतवालीचं म्हणणं. मला विचाराल तर कोतवाली इथं चुकली नव्हती.

मग अण्णांच्या दुकानाच्या ओट्यावर मंडळाची बैठक बसली. मी तिथं नव्हते, पण भावानं नकला करून दाखवल्यामुळे असल्यासारखीच आहे. एक म्हणाला भजनाची चाल घ्या. दुसरा म्हणाला, मग आमची कव्वाली का नको? तिसऱ्यानं एक चाल गुणगुणली, तर बाकीच्यांनी त्याचं तोंड दाबलं, कारण तिचे शब्द आठवले असते तर आख्खं मंडळ कोतवालीत गेलं असतं. लग्नाची बिदाई घेतली तर खेळाडू रडतील. आरती घेतली तर लोक उभे राहतील. शेवटी घड्याळवाल्याच्या फोनोवर नुसत्या वाद्यांची एक तबकडी होती, तिच्यावर सगळ्यांचं एकमत झालं. भावानं तबकडी हातात घेतली आणि तिच्यावरचं बारीक इंग्रजी वाचून तो थबकला. मालकाच्या परवानगीवाचून चारचौघांत वाजवू नये, असं तिथं छापलेलं होतं.

सगळे हसले. चाचा ओट्याच्या कडेला बशीतून चहा पीत बसले होते. ते मात्र हसले नाहीत.

"चाल का बी मालक होता क्या?" त्यांनी विचारलं.

"कागदावर तर तसंच लिहिलंय, चाचा," भाऊ म्हणाला.

चाचांनी बशी खाली ठेवली. तेवढ्यात कुणाला तरी सुचलं, अक्काच्या वरातीत वाजवलेली चाल आहे की! तिला शब्द नाहीत, ती कुणा कंपनीची नाही, आणि ऐकली त्यानं ती विसरलेली नाही. ओट्यावर सगळे खूश. चाचांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वो मैं नइं बजा सकता. जिस बच्ची की बारात, उस की चाल. हमारे घराने का कायदा है. मालकीण कन्नडला हाय. तिला जाऊन विचारा."

असा कायदा गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता. पण चाचांची दाढी पांढरी आणि चेहरा गंभीर. भावानं नारळ घेतला, विडा घेतला आणि सर्व्हिस मोटारीत बसला.

तो आला तेव्हा मामंजी ओसरीवर लोडाला टेकून बसले होते. मी आतल्या दाराआड, पदर पुढे घेऊन. आमचे हे खांबाजवळ. भावानं नारळ-विडा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

"चालीला मालक?" मामंजी म्हणाले. "आमी तर शेताला मालक असतो असं ऐकलंय."

"तसंच हे, मामा. ज्याचा पट्टा त्याचं शेत, तशी ही चाल अक्काच्या नावावर आहे."

हे भावानं सहज म्हटलं, पण मामंजी ताठ बसले. त्याला कारण होतं. माझे मामंजी म्हणजे कज्जेदलालीचे भोक्ते. बांधावरच्या एका बाभळीसाठी चुलतभावाशी वर्षानुवर्षं भांडले होते, आणि जिंकले ते एकाच मुद्द्यावर. जमिनीबद्दल बोलायचा हक्क पट्टेदाराचा, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. हा मुद्दा ते बाजारात, देवळात आणि जेवताना सांगत. आम्हा सगळ्यांना तो पाठ होता.

"म्हंजे," ते हळूहळू म्हणाले, "औरंगाबादेतल्या लोकांना आमच्या घरची चीज पायजे. अन् त्यासाठी त्यांनी नारळ पाठवलाय."

"होय, मामा."

"सून आमची, तर चाल आमचीच झाली की." ते इतके खूश झाले की मला त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं. "दिली! घेऊन जा, पाव्हणं. वाजवा म्हणावं खुशाल."

इतका वेळ मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात मोटारीत बसले होते, शहागंजात उतरले होते, आईच्या गळ्यात पडले होते. आणि यांनी एका वाक्यात चाल देऊन टाकली, आणि मी राहिले तिथंच! भावाचं काय, नारळ दिला, काम झालं.

मग मला राग आला. राग आला की मला पदराचं भान राहत नाही, आजही राहत नाही.

"मी नाही देत," मी दाराआडून म्हटलं.

सासूबाईंनी माझा दंड धरला.

"कोण बोललं?" मामंजी म्हणाले.

"पट्टेदार बोलली," मी म्हटलं. "चाल माझ्या नावावर आहे. माझ्या देखत वाजवणार असतील तर देते. माझ्या माघारी वाजवायला माझी परवानगी नाही."

आमचे हे खांबाला टेकले होते ते आणखी टेकले. मामंजी वळून दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझं या घरातलंही संपलं. पण ते काही बोलायचा प्रयत्न करत होते आणि थांबत होते. त्यांचीच बाभळ त्यांच्या आडवी आली होती. सुनेला गप्प बस म्हणावं, तर चुलतभाऊ उद्या तोच मुद्दा घेऊन दारात उभा राहील.

शेवटी ते भावावर उखडले. "अन् आमी आलो तर? मागल्यावानी मुकं चालायचं का आमी?"

"बँड दरवाजापाशी उभा असेल, मामा. वाजत नेऊ."

"असंल तर येऊ. नसंल तर त्याच मोटारीनं माघारी. अन् मग चाल बी नाय, माहेर बी नाय. कायमचं."

भाऊ हो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडला होता, आणि का ते फक्त मलाच माहीत. माझं माहेर आता चाचांच्या वेळेवर येण्यावर टांगलं होतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सामन्याच्या दिवशी आम्ही निघालो. मी, मामंजी, आमचे हे. मोटार घाटात बंद पडली. मग चाक पंक्चर झालं. मग ड्रायव्हरच्या ओळखीचा एक माणूस वाटेत भेटला आणि त्यांनी एकमेकांच्या सगळ्या नातेवाइकांची चौकशी केली. मी पदराची गाठ सोडत होते आणि बांधत होते. एरवी उशीर करणारे चाचा, आणि आज उशीर आमचाच! कुठला बँड इतका वेळ उन्हात थांबेल?

दौलताबादचा किल्ला मागे पडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दरवाजा दिसला. मोटार थांबली. मी खिडकीतून पाहिलं. ढोल नाही. ताशा नाही. ते मोठं पितळी तोंडाचं वाद्य नाही. पेरूवाले होते.

मामंजी खाली उतरले, फेटा सारखा केला आणि इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "माघारी कवा निघणार?"

आणि तेवढ्यात दरवाजाच्या कमानीखालून, सावलीतून, क्लॅरोनेट वाजली.

चाचा एकटेच होते. लाल कोट घामानं काळा पडलेला, पितळेची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सामने सुरू झाले तसा बाकीचा बँड एकेक करून मैदानावर निघून गेला होता. चाचा सकाळपासून तिथून हलले नव्हते. पेरूवाल्यानं पेरू दिला तो खाल्ला, एवढंच.

मामंजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढंच? एकटेच?"

चाचांनी क्लॅरोनेट तोंडापासून काढली, वाकून आदाब केला आणि म्हणाले, "पाटील, त्या दिवशी सगळा बँड होता अन् मी नव्हतो. आज मी हाय. चलेंगे?"

मामंजी चालायला लागले.

एका क्लॅरोनेटच्या मागे माझे सासरे शहागंजातून मधोमध चालत गेले, आणि त्यांच्या मागे मी. भाजीवाल्यांनी टोपल्या मागे घेतल्या. अण्णा दुकानातून धावत बाहेर आले, हातात अर्धा वळलेला दोर तसाच. मी पदरातून रडत होते आणि हसत होते, आणि कोण बघतंय याची मला मुळीच पर्वा नव्हती.

मैदानावर शेवटचा सामना अडवून ठेवलेला. मी कनातीतल्या बायकांत जाऊन बसले, आईनं मला घट्ट धरलं, आणि मालकीण आली असं भावानं खूण करून सांगितल्यावर पूर्ण बँडनं चाल सुरू केली. आता एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चाल वरातीची. नवरीला जपून, एकेक पाऊल टाकत न्यायची. लांगा कसलेले, अंगाला माती लावलेले ते गडी त्या चालीवर मैदानात आले ते नवरीसारखेच, माना खाली घालून, अडखळत. एक आडदांड गडी तर लाजला. कनातीतल्या एका म्हातारीनं सवयीनं हातातले शेंगदाणे अक्षतांसारखे त्यांच्यावर टाकले. मग सगळ्याच बायकांनी टाकले. मैदान हसून लोळलं. भावाचा संघ हरला, आणि त्याचं खापर तो आजही माझ्या चालीवर फोडतो.

मामंजी पुढच्या रांगेत बसून शेजारच्यांना सांगत होते, "ही चाल आमची. आमच्या सुनेच्या नावावर हाय. इचारल्याबिगर वाजवता येत नाय." संध्याकाळी अण्णांच्या घरी ते जेवले. दुसऱ्या दिवशी मला दिवाळीपर्यंत ठेवून परत गेले.

पुढच्या वर्षी भाऊ पुन्हा नारळ घेऊन आला. मी पुन्हा म्हटलं, माझ्या देखत. मग ते दरवर्षीचंच झालं.

काही वर्षांनी एकदा दिवाळीला माहेरी असताना शहागंजात एक वरात चालली होती आणि तिच्यापुढे माझी चाल! मी तरातरा चाचांच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. "चाचा, माझी चाल दुसऱ्याच्या वरातीत? मला कुणी विचारलं? तुमच्या घराण्याचा कायदा कुठं गेला?"

चाचा हसले. त्यांना आता दात थोडेच उरले होते.

"कायदा था ना," ते म्हणाले. "एकइच बच्ची के वास्ते था." मग त्यांनी डोळे पुसले. "माझ्या त्या गिरकीपायी तुझं माहेर गेलं होतं, बेटी. मला झोप येत नव्हती. तबकडीवरचं वाचलं अन् खुदा ने रास्ता दिखाया."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले, लहानपणी बसायची तशी, आणि ते म्हणाले, आता तरी इजाजत दे. मी दिली.

मात्र कन्नडला परत गेल्यावर मला एकच भीती. मामंजींना हे कळलं तर? फसवलं म्हणून ते पुन्हा पाय बंद करतील. मी कुणालाही सांगितलं नाही, यांनाही नाही.

आणि पुढच्याच वर्षी कन्नडच्या बाजारातून मामंजी संध्याकाळी घरी आले, काठी भिंतीला टेकवली आणि ओसरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या नेला.

"आज बाजारात एक वरात बघितली," ते म्हणाले. "पर्क्या गावचा बँड. तुमची चाल वाजवत व्हते. मी त्या बँडवाल्याला म्हणलो, इचारलं का? तर तो म्हणतो, चालीला कुठं मालक असतो, बाबा. सगळेच वाजवत्यात."

तांब्या माझ्या हातातच राहिला. ते माझ्याकडे न बघता जोड्याची धूळ झटकत होते. बराच वेळ झटकली.

"येडा हाय तो," ते म्हणाले. "सुनबाई, दिवाळी आली. इजाजत द्यायला जायचं नाय का?"

मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि कपडे भरायला आत गेले.